गंधक तिसऱ्या मण्यावर

सोमवार, २७ जानेवारी १९६९

ही वही तूरेची. प्रयोगशाळेची, पानांवर छापील आकडे असलेली. डिसेंबरात त्याने भांडारातून दोन आणल्या. एक अर्धी भरली, ही कोरी राहिली. परत करायला हवी होती, केली नाही. मी आजवर मोजमापांखेरीज काही लिहिलेलं नाही. इथेही तसंच लिहीन. तारीख, काय केलं, काय झालं.

माझा धाकटा भाऊ तूरे ९ तारखेला पहाटे गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता. अंत्यविधीला या शुक्रवारची वेळ मिळाली आहे. मी आजपासून कामावर.

आम्ही एकाच संस्थेत होतो. तो पदार्थ बनवायचा, मी मोजायची. जेवण पोटातून आतड्यात उतरलं की आतडं रक्तात एक संप्रेरक सोडतं आणि त्याच्या सांगण्यावरून पित्ताशय आकसतं, पित्त बाहेर पडतं. प्रोफेसर आल्मरूत गेली बारा वर्षं डुकरांची आतडी उकळून हे संप्रेरक काढतात. ती लांब साखळी आहे, पण काम शेवटच्या आठ मण्यांतच असतं. त्या आठांतल्या दुसऱ्या मण्यावर गंधकाचा एक गट चिकटलेला असतो. तो काढला की पित्ताशय जवळजवळ दादच देत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. तूरेने वेगळं केलं. गट काढला नाही, तो मणी एक घर पुढे सरकवला. गंधक तिसऱ्या मण्यावर. दोन वर्षं लागली.

त्या पदार्थाचं मोजमाप मी ८ जानेवारीला केलं. नैसर्गिक संप्रेरकाने गिनीपिगच्या पित्ताशयाची पट्टी ४३ मिलिमीटर ओढली, तूरेच्या पदार्थाने ३९. नव्वद टक्के. काम लवकर आटपलं म्हणून पावणेसहाची बस मिळाली आणि भेटीच्या वेळेत इस्पितळात पोचले. तूरेला सांगितलं. तो हसला. मग विचारलं, "किती वेळ धुतलंस, ताई?" मी म्हटलं, नेहमीसारखं. त्याला ताप होता. अशा वेळी माणूस काहीही विचारतो.

शुक्रवार, ३१ जानेवारी

अंत्यविधी झाला. उणे अकरा. फाटकात रिवाजाप्रमाणे पसरलेल्या सूचिपर्णीच्या डहाळ्या पायाखाली करकरत होत्या. चोवीस लोक आले, मी अठरांसाठी कॉफी सांगितली होती. पुरली.

प्रोफेसर बोलले. म्हणाले की तूरे हेडलुंड यांनी शेवटच्या आठवड्यात जे दाखवलं ते आमच्या क्षेत्रात पाठ्यपुस्तकात जाईल: संप्रेरकाला ओळखणारं कुलूप आपल्याला वाटत होतं तितकं काटेकोर नाही. त्यावरचं टिपण त्यांनी तूरेच्या नावाने १३ तारखेलाच छापायला पाठवलं होतं. एकाच मोजमापावर. आमच्याकडे एरवी चार करतात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, उरलेली तीन मागाहून करता येतील, हे मात्र त्याच्या नावावर लवकर लागायला हवं.

घरी आल्यावर फुलदाण्या धुतल्या, मग फरशी. मग पुन्हा फुलदाण्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

क्रिस्टर वालमार्कने तूरेच्या वहीवरून तोच पदार्थ पुन्हा बनवला आहे. क्रिस्टर एकोणतीस वर्षांचा, तूरेच्या हाताखाली शिकलेला. उरलेल्या तीन मोजमापांसाठी त्याने मला कुपी दिली.

मोजलं. काही नाही. पट्टी हललीसुद्धा नाही. दहापट घातलं. काही नाही.

क्रिस्टरने काहीतरी बिघडवलं आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

छापखान्याकडून मुद्रितं आली. तूरेच्या नावापुढे लहान क्रूस छापला आहे, लेखक हयात नाही अशी खूण. मला तो अपेक्षित होता, तरी बराच वेळ बघत बसले. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात: मोजमापांसाठी मिस गुनवोर हेडलुंड यांचे आभार. दुरुस्त्या करून ३ मार्चपर्यंत परत करायची. प्रोफेसर म्हणाले, तुमच्या भावाचं आहे, तुम्हीच वाचा.

उपाहारगृहात वाटाण्याचं सूप होतं. क्रिस्टर समोर येऊन बसला. नवीन वर्षापासून संस्थेत सगळ्यांनी एकमेकांना तू म्हणायचं ठरलं आहे, प्रोफेसर सोडून. क्रिस्टर मला तू म्हणतो आणि लगेच पुढे बाई लावतो, मग त्याचाच त्याला गोंधळ होतो. त्याने हळूच विचारलं, हे छापून येण्याआधी थांबायचं का. मी म्हटलं, तुझ्या पदार्थातला गंधक आम्लात झडला असेल, आधी ते बघ. मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारच्या टेबलावरचे वळले.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज पुन्हा तीन पट्ट्या. काही नाही.

मला वाटलं, प्राण्यांत दोष असेल. खाली एल्सीकडे गेले. ती एकवीस वर्षं प्राणिगृह सांभाळते आणि सवयीने अजून तुम्हीच म्हणते. विचारलं, गिनीपिगना काय घालतेस, गवत बदललं का, गारठा लागला का. ती पिंजरा घासत होती, थांबली नाही.

"तुमच्या भावाच्या वेळी माझे गिनीपिग गुणाचे, आणि त्या पोराच्या वेळी नाठाळ झाले का, गुनवोरबाई?"

मी म्हटलं, तसं नाही, सगळं तपासावं लागतं.

"तपासा की. गवत तेच, कोबी तोच. तुम्ही स्वतः काही खाता का? कोट खांद्यावरून घसरतोय तुमचा."

मी जेवते. कोट जुना आहे.

नैसर्गिक संप्रेरकाने याच प्राण्यांच्या पट्ट्या नेहमीसारख्या ओढल्या. म्हणजे प्राणी ठीक. हे मला खाली जाण्याआधीच माहीत होतं. तरी गेले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

क्रिस्टरने गंधक तपासला. पूर्ण आहे. मण्यांचा क्रमही तपासला. बरोबर आहे. कागद माझ्यासमोर ठेवून उभा राहिला.

मग म्हणाला की तूरेने स्वतः बनवलेल्यातलं थोडं अजून आहे, ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, चार मिलिग्रॅम. तेच मोजू.

मी नाही म्हटलं. कारण विचारलं त्याने. मी सांगितलं की ते संपलं की संपलं. तो म्हणाला, मोजायला त्यातला हजारावा भागही लागत नाही. हे खरं आहे. मी म्हटलं, तरी नाही.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. सगळ्या काचनळ्या धुतल्या. धुतलेल्याच होत्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ईस्टरच्या उपासाआधीचा मंगळवार, प्रोफेसरांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना साय भरलेले पाव आणले. मला त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. क्रिस्टर त्यांच्याशी बोलला होता.

ते चांगलं वागले. पाव माझ्या बशीत स्वतः ठेवला. म्हणाले की पदार्थ एकदा चालतो, एकदा चालत नाही, असं होतं. जिवंत मांसाचं काम आहे. छापून येऊ दे. पुढे कोणाला वेगळं दिसलं तर तो तसं लिहील, दोन ओळींत. त्यात कोणाचं काही जात नाही. विज्ञान असंच चालतं. "तूरेच्या आयुष्यात स्वतःच्या एकट्याच्या नावावर हे एकच टिपण आहे, बाकी सगळीकडे माझं नाव आधी आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मिस हेडलुंड."

ठाऊक आहे. अकरा वर्षं मीच त्याची जेवणाच्या टेबलावरची कुरकुर ऐकली आहे.

बरं वाटलं. पाव अर्धा खाल्ला. मुद्रितांवर दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि पाकिटात घातली.

संध्याकाळी पाकीट पुन्हा उघडलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

ब्रुन्सवीकन तळ्यावर बर्फ जाड आहे, लोक मुलांना घेऊन घसरत होते. मी काठाने चालले. एक फेरी सव्वादोन तासांची. दोन फेऱ्या केल्या. घरी बसवत नाही. तूरेची खुर्ची मी खिडकीकडे वळवली, मग परत जागेवर ठेवली.

चालताना ठरवलं की उद्या तूरेचं मोजायचं. क्रिस्टरसाठी नाही. प्रोफेसर म्हणाले ते बरोबरच आहे. फक्त मला स्वतःला एकदा बघायचं आहे की ते चालतं. मग पाकीट पोस्टात टाकीन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तूरेचं मोजलं. काही नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काल एवढंच लिहवलं.

आज सकाळी मनात आलं की पदार्थ जुना झाला, सात आठवड्यांत बिघडला. क्रिस्टरला तसं म्हटलंही. कोरडी पूड, अंधारात, उणे वीसला. ती सात वर्षांतही बिघडणार नाही. हे मीच नव्या मुलांना सांगते.

मग मुद्रितं काढली, निदान आकृती तरी मूळ कागदाशी ताडून बघावी म्हणून. ते माझं काम आहे आणि राहिलं होतं. आकृतीत दोन उंचवटे आहेत, नैसर्गिक आणि तूरेचा, शेजारी शेजारी. छापताना खालची वेळेची ओळ कापली आहे, नेहमीच कापतात.

मूळ कागद कपाटातून काढला. माझ्याच हातचा. काजळी धरलेला, लाखेचं पाणी देऊन वाळवलेला, कडेला माझ्याच सुईने कोरलेली तारीख. वाचणाऱ्याला नसेल माहीत म्हणून लिहिते: पित्ताशयाची पट्टी काचेच्या पात्रात टांगलेली असते, ती आकसली की तरफ उचलते आणि फिरत्या ड्रमच्या काजळीवर रेघ उठते. खाली दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ एक बारीक दात काढतं. छापलेल्या आकृतीत कापलेली ती ओळ हीच.

एका पदार्थानंतर दुसरा घालण्याआधी पट्टी तीन वेळा धुवायची आणि दर वेळी पाच मिनिटं थांबायचं. पंधरा मिनिटं. तीस दात. हा नियम मी घालून दिलेला आहे, भिंतीवर माझ्या अक्षरात लावलेला आहे. पहिल्याचा अंश पट्टीत उरला तर दुसऱ्याच्या नावावर लागतो.

मी दात मोजले. नऊ.

पुन्हा मोजले, भिंगाखाली. नऊ. साडेचार मिनिटं. एकदाच धुतलेलं.

पावणेसहाची बस.

त्याने विचारलं होतं. ताप होता असं मी वर लिहिलं आहे. ताप होता, पण प्रश्न तापाचा नव्हता. मोजमापाबद्दल विचारायचा एकच योग्य प्रश्न त्याने विचारला आणि मी नेहमीसारखं म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं का, ते आठवायचा आज दिवसभर प्रयत्न केला. वाटत होतं बहुतेक. मला फक्त जिना चढून वॉर्डात पोचल्याचं आठवतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

नऊ दात हा पुरावा नाही, संशय आहे. म्हणून आज करून पाहिलं.

पहिली पट्टी: नैसर्गिक संप्रेरक, ४४ मिमी. एकदा धुतलं. साडेचार मिनिटं थांबले. मग कुठलाही पदार्थ नाही, नुसतं मिठाचं पाणी घातलं, ८ जानेवारीला ढवळलं असेल तसंच ढवळून. पट्टी ३७ मिमी ओढली गेली.

दुसरी पट्टी, तसंच. ४०.

तिसरी. ३६.

नंतर त्याच पट्ट्या तीन वेळा धुतल्या, पंधरा मिनिटं. मिठाचं पाणी: शून्य. तूरेचा पदार्थ: शून्य.

८ जानेवारीला तूरेच्या पदार्थाचे ३९ मी लिहिले होते. ते तूरेचे नव्हते. ते मिठाच्या पाण्याचे ३९ होते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल सुट्टी घेतली. आज क्रिस्टरला तीनही कागद दाखवले आणि ८ जानेवारीचाही. खालच्या दातांवर बोट ठेवलं. त्याने मोजले. नवाला थांबला, मान वर केली, मग खाली घातली. मी म्हटलं, बोल आता, गवतापासून गंधकापर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाला माझा.

"मला तर तू रोज देत होतीस, बाई," तो म्हणाला. थोडा हसला. मीही हसले असेन.

मग तो फळ्याकडे गेला आणि आठ मणी काढले. गंधक दुसऱ्यावर, मग पुसून तिसऱ्यावर. तूरे काढायचा तसे. बोलत सुटला. गट काढला की काम जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गट आहे, पूर्ण आहे, मणी तेच आहेत, फक्त एक घर सरकलाय, आणि पित्ताशय साधी ओळखही दाखवत नाही. कुलूप ढिलं आहे असं आपण छापणार होतो. ते आहे त्याहून कितीतरी काटेकोर निघालं.

"हे उलट मोठं आहे, बाई. आणि पदार्थ तूरेचाच आहे. एकदम शुद्ध. माझ्यापेक्षा चांगला. त्याच्या हातून काही चुकलं नाही."

मी म्हटलं, नाही. त्याच्या हातून नाही.

त्याला घाई झाली होती, कागद घेऊन प्रोफेसरांकडे जायची. मी म्हटलं, मीच जाते.

प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. त्यांना पूर्वीचं टिपण आवडलं होतं, त्यावर भाषणही करून झालं होतं. म्हणाले, मागे घेणं म्हणजे लोक काय म्हणतील त्याचा विचार केलात का; लोक म्हणतील, हेडलुंडचं शेवटचं काम चुकलं. चुकलं कोणाचं हे कोणी विचारत नाही, नाव लक्षात राहतं. आणि कशासाठी?

"मेलेल्या माणसाला दुरुस्ती लागत नाही, मिस हेडलुंड."

"मला लागते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला. अठरा वर्षांत मी त्यांना उलट बोललेली नाही. मग म्हणाले, मग ते तुम्हीच लिहा.

सोमवार, ३ मार्च

मुद्रितं परत पाठवली नाहीत. त्याऐवजी पत्र पाठवलं की टिपण मागे घेत आहोत, नवीन सोबत आहे.

नवीन टिपण दीड पानाचं. क्रिस्टरने रसायनाचा भाग लिहिला, मी मोजमापाचा. शीर्षकात एवढंच की गंधकाचा गट एका घराने सरकवला असता क्रिया नाहीशी होते. तूरेचं नाव पहिलं, क्रूसासकट. आकृतीत मी खालची दातांची ओळ कापू दिली नाही. मजकुरात एक परिच्छेद आहे तो माझा: आधीच्या मोजमापात (गु. हे.) क्रिया दिसली होती, ती पहिल्या मात्रेनंतर पट्टी पुरेशी न धुतल्यामुळे. कारण दिलेलं नाही. ते कोणाला लागत नाही.

क्रिस्टरने टाइप करताना शेवटी आभारांची ओळ घातली होती, नेहमीची. मी ती काढायला सांगितली. तो म्हणाला, का, तुझंच तर सगळं मोजमाप आहे. मी म्हटलं, म्हणूनच. माझं नाव खाली बारीक नको, वर घाल, तुमच्या दोघांच्या रांगेत. चूक कोणाची ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

त्याने पहिलं पान परत यंत्रात घातलं आणि टाइप केलं. तू. हेडलुंड, क्रि. वालमार्क, गु. हेडलुंड. दोन हेडलुंड. वाचणाऱ्याला नवराबायको वाटतील, तो म्हणाला. वाटू दे, मी म्हटलं.

पोस्टात टाकायला मी स्वतः गेले. पेटीच्या तोंडाशी पाकीट जरा वेळ धरून ठेवलं. आत प्रोफेसर म्हणाले तेच होतं, तूरेचं शेवटचं काम चुकलं. दुसऱ्या बाजूने वाचलं तर नव्हतं. सोडलं.

बुधवार, १२ मार्च

क्रिस्टरने नवा पदार्थ बनवला आहे. या वेळी मणी उलट्या बाजूला सरकवला, गंधक पहिल्यावर. तूरेच्या वहीत शेवटच्या पानावर हे पुढचं काम म्हणून नोंदलेलं होतं, प्रश्नचिन्हासह. मला वाटतं हाही चालणार नाही. क्रिस्टरला वाटतं थोडा चालेल. कॉफीवर पैज लावली आहे.

दुपारी तीनला सुरू केलं. नैसर्गिक, ४२ मिमी. धुतलं. घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाल्यावर दुसऱ्यांदा धुतलं. मग तिसऱ्यांदा.

या पंधरा मिनिटांत काम असं काही नसतं. पट्टी हळूहळू सैल होत जाते, रेघ खाली येते, ड्रम फिरतो. एरवी मी या वेळात काचा पुसते, पुढच्या मात्रा भरून ठेवते, खिडकी बघते. आज क्रिस्टर बाहेर गेला होता. मी स्टुलावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. तिसऱ्या धुण्याच्या वेळी लक्षात आलं की चेहरा ओला आहे आणि बहुतेक बऱ्याच वेळापासून आहे. बाहीने पुसला, मग परत ओला झाला, मग पुसला नाही.

रेघ तळाला आली. तरी मी घड्याळ पूर्ण होऊ दिलं. मला आता कुठे पोचायचं नव्हतं.